हरल्यानंतरची चर्चा

फुटबॉलच्या बाद फेऱ्या आल्या की पेडणे-डिचोलीच्या चहाच्या दुकानांतही कोण खेळणार, कोण जायबंदी, याचाच ऊहापोह चालतो. परंतु रसिकाची कसोटी लागते ती पराभवानंतर. २०१५ साली फातोर्ड्यास इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना संपत आला असता गोवा २-१ असा पुढे होता. तोच चेंडू गोव्याच्याच गोलरक्षकाच्या हातून जाळ्यात गेला. लागलीच चेन्नईयिनने आणखी एक गोल करून सामना जिंकला. अशा वेळी खापर गोलरक्षकाच्याच माथी फुटते. वास्तविक चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचतो तो बहुधा इतर दहा जणांना चुकवून! १९८४ साली गोव्याने संतोष करंडक जिंकला, तेव्हा ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या गोलरक्षणाचा अभिमान आपण सर्वांनी वाटून घेतला. यशातील वाटेकऱ्यांनी अपयशातही आपला वाटा उचलावा, हे उचित नव्हे काय?