पास मोफत झाला, परतीच्या वाटेचं काय?



शेलू-वांगणीकडच्या पन्नाशीतल्या बायका सांगतात, त्यांच्या वेळी मुलीला पुढे शिकायचं तर कल्याण-डोंबिवलीत मामा नाहीतर मावशी असावी लागे. तिथे राहायचं, घरकाम करायचं, उरल्या वेळात कॉलेज. आज त्यांच्या मुली रोज लोकलने जातात. कुणी कल्याणला, कुणी कुर्ल्याला उतरून बसने कलिन्याला विद्यापीठात. हा बदल लहान नाही.

2008च्या रेल्वे अर्थसंकल्पात मुलींना पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत जाहीर झाला. आधी तो बारावीपर्यंतच होता. पण घरी पैशांपेक्षा वेळ मोजली जाते. 1992 साली महिला विशेष लोकल आली ती चर्चगेट-बोरिवली मार्गावर. आमच्याकडे येणाऱ्यांना बऱ्याच गाड्या सोडाव्या लागतात. त्या अंबरनाथ-बदलापूरलाच संपतात. कर्जत गाडी चुकली की घरी प्रश्न तयार : "इतका उशीर का?" भावाला कोण विचारतं? आणि स्टेशनपासून वाडीवरच्या घरापर्यंतची अंधारी वाट कुठल्या पासात बसते? एम.ए.चे तास संध्याकाळपर्यंत लांबले की मुलीचं नाव काढलं जातं. आपणही त्याला 'घरची अडचण' म्हणून मोकळ्या होतो!

माझी सूचना अशी. प्रत्येक मंडळाने आपल्या स्टेशनवर अंधार पडल्यावर उतरणाऱ्या मुलींशी बोलून नोंद ठेवावी : कोणती गाडी, किती वाजता, पुढे घरी कशी जाते. ती वही घेऊन आधी ग्रामपंचायतीत दिव्यांसाठी जाऊ, मग रेल्वेकडे.