ज्यांचे तोंड उघडत नाही, त्यांचेही फोटो हवेत

ठिकठिकाणांहून आलेले दंतवैद्य, कर्करोगतज्ज्ञ, संगणकतज्ज्ञ आणि आमच्या खास आग्रहावरून आलेल्या आशाताई,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे नागपुरात मनापासून स्वागत करतो. संत्रा बर्फी आपल्याला मिळेलच. पण स्टेशनवरून इथे येताना चौकाचौकांतल्या पानठेल्यांवर पन्नीत खर्रा घोटणारे हातही आपण पाहिले असतील. सुपारी, तंबाखू आणि चुना. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे, तरी खर्रा शाळकरी पोरांच्या खिशापर्यंत पोहोचला आहे. तोंडाच्या कर्करोगावरची ही परिषद नागपुरातच व्हावी, असा आग्रह आम्ही धरला तो यासाठीच.

कर्करोगाची जागतिक आकडेवारी मांडणाऱ्या ग्लोबोकॅनच्या 2022 च्या अंदाजानुसार ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे जगातले एक तृतीयांशाहून जास्त नवे रुग्ण भारतातले आहेत; संख्या 1 लाख 40 हजारांच्या वर. आणि हा आजार तर डोळ्यांना दिसतो! पांढरा चट्टा, लाल चट्टा, न भरणारी जखम. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या 1,01,761 ग्रामस्थांची पाहणी करून 1972 मध्ये निष्कर्ष मांडले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे 34 टक्क्यांनी घटल्याचे 2005 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकाशझोत आणि शिकवलेली नजर, एवढ्यावर हे झाले.

अशी नजर गावोगावी नाही. तिथे कृत्रिम बुद्धिमत्ता कामाला यावी, असे मला मनापासून वाटते. आशाताईंनी मोबाइलवर फोटो काढावा; वय, तंबाखूचा प्रकार आणि किती वर्षांची सवय हे नोंदवावे; आणि आधी कोणाला तपासायचे, हे यंत्राने सांगावे. निदान मात्र बायोप्सीवरच व्हावे.

इथे एक अडचण आपल्यापुढे ठेवतो. सुपारीमुळे सबम्युकस फायब्रोसिस होतो. गाल आतून ताठर होतात, तिखट झोंबते, आणि हळूहळू तोंडात दोन बोटेही जात नाहीत. कर्करोगाचा धोका ज्यांना जास्त, त्यांच्याच तोंडात कॅमेऱ्याला नीट पाहता येत नाही. जिभेची कड, गालाचा मागचा भाग फोटोत येतच नाही. मग असे फोटो 'अस्पष्ट' म्हणून बाजूला काढले जातात आणि मोकळ्या उघडणाऱ्या तोंडांवर यंत्र शिकते. त्याची अचूकता कागदावर छान दिसते. दातांना तंबाखूची मिश्री लावणाऱ्या आमच्या आयाबहिणींचेही तसेच. त्यांचे काळवंडलेले दात आणि हिरड्या यंत्राने पाहिल्याच नसतील, तर ते त्यांना काय सांगणार?

दुसरी काळजी 'धोका कमी' या निकालाची. तो हातात पडला की खर्रा खाणारा निर्धास्त होतो. म्हणून त्या निकालासोबत व्यसन सोडण्याचा सल्ला आणि पुढच्या तपासणीची तारीख द्यायलाच हवी. आणि 'धोका जास्त' असे दूरच्या भामरागडच्या माणसाला सांगितले, तर त्याची बायोप्सी कुठे होणार, नागपूरपर्यंतचे भाडे कोण देणार, त्या दिवसाची मजुरी कशी भरून निघणार, हे आधी ठरवा. त्याशिवाय दिलेला इशारा म्हणजे त्या कुटुंबावर लादलेली नुसती भीती आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जेवणाची आणि निवासाची व्यवस्था आमचे विद्यार्थी पाहत आहेत. काही उणे वाटल्यास त्यांना हक्काने सांगा. स्वागताध्यक्ष म्हणून माझी आपल्याकडे एकच विनंती आहे. आपल्या प्रत्येक शोधनिबंधात अचूकतेच्या टक्केवारीशेजारी आणखी दोन आकडे लिहा: किती जणांचे फोटो निघालेच नाहीत, आणि धोका सांगितलेल्यांपैकी किती जण बायोप्सीपर्यंत पोहोचले.