शिवल्याशिवाय न येणारी विद्या

(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं कराटेवर बोल म्हणून उभं केलंय. कराटे जपानी. मी बोलणार आहे विंग चुनवर. ही दक्षिण चीनमधली, फोशान शहरात वाढलेली विद्या. खोलीत ब्रूस लीचं पोस्टर लावणाऱ्यांनी नाव ऐकलं असेल. पोस्टरला हार मात्र घालू नका. हार घालून मोकळं व्हायची आपली खोड जुनी आहे.

विंग चुन म्हणजे उंच लाथा नव्हेत. ही हातभर अंतरावरची लढाई. जिना, बोळ, लोकलचा दरवाजा, जिथं मागं सरकायला जागाच नसते तिथं ती चालते. नाकापासून बेंबीपर्यंत एक सरळ रेघ समजा. आपली राखायची, समोरच्याची फोडायची. कोपर आत. ठोसा छातीसमोरून सरळ. एक हात अडवतो, त्याच क्षणी दुसरा मारतो. समोरचा दुप्पट दांडगा असला तर जोराला जोर लावायचा नाही. कोन बदलायचा, त्याचा जोर बाजूनं घसरून जातो.

पहिला पाठ सिउ निम ताउ, म्हणजे लहानसा विचार. पाय जागचे हलत नाहीत, हातच चालतात. आधी उभं राहायला शिका.

मग येतं ची साउ, चिकटलेले हात. दोघांनी मनगटाला मनगट लावून हात फिरवत राहायचं. समोरच्याचा जोर कुठं वळला ते डोळ्याआधी कातडीला कळतं. डोळे बांधूनसुद्धा हा सराव करतात. पुस्तकातून हे येत नाही. माणसाला शिवल्याशिवाय येत नाही.

१६ वर्षांचा असताना मी एका तालमीत गेलो. वस्तादानं आधी आडनाव विचारलं. हाकललं कुणी नाही, पण जोडीला कुणी आलंच नाही. महिनाभर एकट्यानं जोर मारले आणि घरी बसलो. विद्या नाकारायला दर वेळी अंगठा कापावा लागत नाही, दोस्तहो. शिवलं नाही की झालं.

चीनमध्ये सगळं आलबेल होतं असं समजू नका. छिंग राजवटीत नटांची गणना हलक्या लोकांत. त्यांना नि त्यांच्या पोरांना सरकारी परीक्षेला बसायची बंदी. हे नाटकवाले लाल नावांतून गावोगाव हिंडायचे. १८५४ साली ली वेनमाओ या नटानं बंड केलं, नट हत्यारं घेऊन उतरले. सरकारनं फोशानमधली त्यांच्या संघाची वास्तू जमीनदोस्त केली, नाटकांवर बंदी घातली. परंपरा सांगते, विंग चुन त्याच नावांवर जगलं. त्यातला लांब दांडा म्हणजे नाव ढकलायचा बांबू.

उगमाची लोककथाही ऐका. एका भिक्षुणीनं यिम विंग चुन नावाच्या पोरीला शिकवलं. तिनं जबरदस्तीनं लग्न करू पाहणाऱ्या गुंडाला लोळवलं. याला इतिहासाचा पुरावा नाही. पण विद्येला नाव मिळालं ते बाईचं. मागं बसलेल्या बहिणींनो, पुढं येऊन बसा.

यिप मान (१८९३–१९७२) खात्यापित्या घरचा. हाँगकाँगला आला तेव्हा कफल्लक. १९५० साली त्यानं शिकवायला सुरुवात केली ती हॉटेल कामगारांच्या संघटनेत. पुढं ब्रूस ली त्याचा चेला झाला. त्याच्या आईच्या घराण्यात युरोपियन रक्त, म्हणून काही सोबत्यांनी नाक मुरडलं असं सांगतात. रक्ताचा हिशेब तिथंही होताच! पण हाच ब्रूस ली १९५९ साली अमेरिकेत गेला आणि सिएटलमध्ये त्याचा पहिला चेला झाला जेसी ग्लोव्हर, एक काळा तरुण, लहानपणी दारुड्या पोलिसाचा मार खाल्लेला. कोंडलेली विद्या अशी फुटते.

आता खरं बोलतो. ही विद्या एका माणसापुढं चालते. लाठ्या घेऊन वस्तीवर आलेल्या जमावापुढं चालत नाही. तिथं संघटना लागते, कायदा माहीत असावा लागतो. मग शिकायचं कशाला? अंग चोरून चालायची सवय पिढ्यानपिढ्या हाडात मुरलीय, ती मोडायला.

रविवारी सकाळी ६ वाजता मैदानावर या. पोरींनीही यायचं. आडनाव कुणी विचारणार नाही. जो शिकेल त्यानं दुसऱ्या एकाला शिकवायचं, ही फी. पहिल्या दिवशी ज्याला जोडी मिळणार नाही, त्याच्या मनगटाला मनगट मी लावीन.

जय भीम!