पाण्यावरचे हिवाळी पाहुणे

अंबाजोगाईच्या आपल्या बचत गटांकडून आज पाण्यावरच्या पाहुण्यांविषयी चार गोष्टी सांगतो.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. त्याच दिवसांत लांबलांबचे पक्षी आपल्याकडं येतात. कारण तेच, पोट. सायबेरिया, मंगोलियाकडची तळी थंडीत गोठतात, चारा मिळत नाही. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब तर हिमालय ओलांडून येतो. मार्चच्या सुमारास ही मंडळी परत फिरतात.

हे बघायला आम्ही निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला. मागं गाळ साचला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले. १९८६ साली तिथं अभयारण्य झालं. रामसर हे इराणमधलं गाव. पाणथळ जागा जपायचा करार तिथं १९७१ साली झाला. त्या यादीत महाराष्ट्रातून पहिलं नाव नांदूर मध्यमेश्वरचं लागलं, २०२० साली.

भल्या पहाटे जायचं, भडक लुगडं नको, बोलणं हळू, ऊन पाठीमागं ठेवायचं. चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, ते हळदी-कुंकू बदक. हे बारमाही आपलंच. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. नावं ऐकूनच आम्हाला ते घरचे वाटले.

परत आल्यावर गटात वाद झाला. मांजरा धरणाचं पाणी उतरलं की काठावर आपल्यातल्या काहीजणी गाळपेर करतात, हरभरा घेतात. पक्ष्यांनाही तोच उथळ काठ लागतो. किडे, शिंपले, कोवळं गवत तिथंच. पाण्यालगतचा पट्टा सोडावा, असं निघालं. तेव्हा एक ताई म्हणाली, "माझ्या लेकराच्या घासातलं बदकाला का द्यायचं?"

तिचं म्हणणं रास्त होतं. मग ठरलं, पट्टा सोडायचा, पण तोटा एकटीच्या माथी नको. सगळ्याजणींनी वाटून घ्यायचा. पाण्याजवळ फवारणी करायची नाही, फाटकी जाळी काठावर टाकायची नाहीत. फवारा पाण्यात उतरला तर तो आपल्याच हंड्यात येतो, हे त्या ताईलाही पटलं.

२०१६ साली मांजरा धरण आटलं होतं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाणी नसेल तिथं पाहुणा उतरत नाही, आणि आपलंही भागत नाही.

तर सयांनो, २ फेब्रुवारी हा पाणथळ दिवस. त्या सकाळी आपापल्या तळ्यावर जा, कोणते पक्षी दिसले, किती दिसले, ते गटाच्या वहीत लिहा. नाव माहीत नसलं तर रंग आणि चोच लिहा. पुढच्या वर्षी त्याच दिवशी परत मोजा. आपल्या पाण्याचं कसं चाललंय, ते त्या वहीतून कळेल.