चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका



मुलांनो, मघाशी तुमच्या शाळेतलं चित्रांचं दालन पाहिलं. मांडणी छान आहे. पण राग मानू नका, बहुतेक चित्रांत तेच दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, नागमोडी नदी आणि काठावर नारळ! आपल्या बसवकल्याणात असं कुठं दिसतं हो? आपल्याकडे काळी जमीन आणि तुरीचं शिवार. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या पोरांच्या चित्रवहीत तिला अजून शिरकाव नाही.

एका चित्रापाशी मात्र थांबलो. फुललेली तूर, त्यात पाठमोरी बाई, लांब रस्त्यावर बस आणि बसच्या पाटीवर कन्नडमध्ये हैदराबाद. काढणारी सातवीतली. म्हटलं, "बाळ, आईचं तोंड का नाही काढलंस?" म्हणाली, "बाबा कामाला निघाले तेव्हा ती रडत होती, सर. लोकांना कशाला दाखवायचं?"

याच मुलीला परीक्षेत 'माझी आई' निबंध लिहायला सांगा. गाईडातली आई उतरवेल, कारण मार्क तिलाच मिळतात. घरात मराठी, बाजारात कन्नड, गल्लीत दखनी बोलणारी ही आपली लेकरं. बोलायला तीन भाषा आहेत, पण मनातलं काढायला जागा नाही. ती जागा चित्राच्या कागदावर, नाटकात, गाण्यात मिळते.

आणि ही जागा देण्याची रीत याच गावाची. बाराव्या शतकात बसवण्णांच्या भोवती इथं शरण, म्हणजे त्यांच्या वाटेनं चालणारे भक्त, जमले. त्यांत अंबिगर चौडय्या नावाडी होते, मडिवाळ माचय्या कपडे धुणारे. त्यांनी आपलं दुःख, राग, भक्ती, माणसामाणसांतल्या भेदाची चीड, सगळं आपल्या रोजच्या कन्नडमध्ये वचनांतून, म्हणजे छोट्या मुक्त रचनांतून, सांगितलं. पंडितांची परवानगी मागितली नाही.

पण मुलांनो, मनात आलं आणि फराटे ओढले म्हणजे कला झाली, असंही समजू नका. बीदरला गेलात तर बिदरी कारागिराशेजारी तासभर बसा. जस्त आणि तांब्याच्या ओतीव भांड्यावर तो हातानं नक्षी कोरतो, त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवतो. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर घातलेल्या गरम पाण्यात भांडं घालतात. धातू काळाकुळकुळीत होतो, चांदी तशीच चमकते. खाच वेडीवाकडी गेली तर ती माती काही करू शकत नाही. याच बिदरी कामासाठी कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपल्या कलबुर्गीचे चित्रकार एस. एम. पंडित मुंबईत सिनेमाच्या पोस्टरांनी नावारूपाला आले, तेही रेषेवर हात बसवूनच.

आता मोठ्यांसाठी दोन शब्द. पालकहो, पोरानं चित्र आणून दाखवलं तर "अभ्यास झाला का?" हे नंतर विचारा, आधी "यात हे कोण आहे?" एवढं विचारा. आज सिनेमाच्या गाण्यांवर नाच झाले, मजा आली. मीही टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी त्यांतला निदान एक कमी करून मुलांनी स्वतः लिहिलेलं नाटुकलं बसवा. आणि गुरुजी, मला पुन्हा बोलवा न बोलवा, पण जानेवारी उजाडला की चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकता, तेवढं थांबवा.