अल्लाबंदाची साक्ष



बडोद्यास राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींना कच्छ परका नाही. तेथील रणात १६ जून १८१९ रोजी संध्याकाळी मोठा भूकंप झाला. सिंद्रीचा किल्ला आसपासच्या सखल जमिनीसह खचला, समुद्राचे पाणी आत शिरले. आणि उत्तरेस सुमारे ५० मैल लांबीचा मातीचा उंचवटा वर आला, कोठे कोठे १० फुटांहून उंच. सिंधमध्ये नदीवर घातलेले बांध लोकांच्या पाहण्यातले होते. हा माणसाच्या हातचा नव्हे, म्हणून त्यास ते ‘अल्लाबंद’ म्हणू लागले. आम्हांस हे नाव फार आवडते. त्यात श्रद्धेइतकेच निरीक्षणही आहे.

१८२६ साली सिंधूच्या पुराने हा बंद फोडला. पुढे अलेक्झांडर बर्न्स होडीने सिंद्रीस गेले, तेव्हा पाण्यात एक बुरूज तेवढा उभा होता. फुटल्या बंदात त्यांना शिंपल्यांनी भरलेली चिकणमाती दिसली. चार्ल्स लायेल यांनी ही हकीकत आपल्या भूशास्त्रावरील ग्रंथात घेतली.

परंतु प्रत्येक भूकंप असा बंद ठेवून जात नाही. २६ जानेवारी २००१ रोजी भुज, अंजार, भचाऊ उद्ध्वस्त झाले, तरी खडकातील फूट खोलवरच राहिली. रणात मात्र ठिकठिकाणी जमिनीतून वाळू व पाणी उसळले. म्हणून जुन्या भूकंपांचा शोध घेणारे लोक चर खणून चिकणमातीत घुसलेले वाळूचे पट्टे तपासतात. बंद नाही तर जमीन निर्धोक, असे वर्गातली हुशार मुलेही चटकन म्हणून टाकतात. तेव्हा आम्ही हे पट्टे फळ्यावर काढून दाखवतो.