नोंदवहीतले आडनाव

देशांतरास गेलेल्या माणसाचे प्रथम काय हरवते? कोणी म्हणेल भाषा, कोणी म्हणेल आचार. मला वाटते, प्रथम हरवते ते नाव.

मॉरिशस बेटाचेच पाहा. १८३४ पासून सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांवर भारतीय मजूर तेथील उसाच्या मळ्यांत करारावर गेले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले कोकणचे मराठी लोकही होते. पोर्ट लुईस उतरल्यावर प्रत्येकास क्रमांक मिळे, आणि कारकुनाच्या कानी पडेल तसे नाव रोमन अक्षरांत वहीत चढे. पुढे कित्येक घरांत बापाचे नावच मुलाचे आडनाव झाले आणि मूळ आडनाव गळून पडले. आज त्यांच्या घरांत क्रेओल बोलली जाते. तरी गणेशचतुर्थीस तेथे सार्वजनिक सुटी असते आणि शाळांतून मराठीही शिकविली जाते. मात्र पणजोबा कोणत्या गावचा, हे जाणावयाचे तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या त्या जुन्या वह्यांकडेच वळावे लागते. ज्या क्रमांकाने माणसाचा मजूर केला, तोच आज पणतवंडाला त्याच्यापाशी नेतो!

१९०८ साली ‘कासातो मारू’ जहाजातून ७८१ जपानी माणसे ब्राझीलला गेली, तीही कॉफीच्या मळ्यांत राबावयास. पण जपानात १८७२ पासून ‘कोसेकी’ नावाची घरोघरची कुलनोंद ठेवलेली आहे. मूळ गाव ठाऊक असेल, तर तेथील दप्तरात आजोबाचे नाव सापडण्याची आशा तरी वंशजांस असते.

आमच्या बीड जिल्ह्यातून दरसाल दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायकोच्या जोडीलाच तेथे ‘कोयता’ म्हणतात. त्यांची उचल मुकादमाच्या वहीत बिनचूक लिहिलेली असते. त्यांची वंशावळ मात्र कोठेच नसते.

आता माझी एक चूक सांगतो. तीस वर्षांपूर्वी एका मुलाला मुकादमाने शाळेत आणून बसविले. आईबाप फडावर गेलेले. मी घाईत होतो. मुकादमाचेच आडनाव मुलापुढे लिहून मोकळा झालो. परवा तोच मुलगा, आता बाप झालेला, माझ्या दारी आला. लेकाच्या दाखल्यासाठी त्याला आजोबांशी नाते सिद्ध करावयाचे होते, आणि माझे अक्षर आड येत होते. “गुरुजी, तुम्ही लिहिलंय म्हणजे तेच खरं, असं म्हणतात हो,” एवढेच तो बोलला. त्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले.

मी प्रतिज्ञापत्र करून दिले आहे. निकाल अद्याप लागावयाचा आहे.

श्रोतेहो, सरदारांच्या घराण्यांचे कुलवृत्तांत छापले जातात. मजुराचा कुलवृत्तांत शाळेच्या हजेरीपटातच असतो. तो लिहिणाऱ्याने क्षणभर थांबून, “बाळ, तुझ्या आजोबांचे नाव काय? गाव कोणते?” एवढे विचारावे. आणि आपणही आज रात्री घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ती नावे वहीत उतरून ठेवावीत.